अंगण, फुलबाग आणि शेजारचें मांजर

पेण आणि रोहा येथील जुन्या घरांची मांडणी ज्यांनीं बारकाईनें पाहिली असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट खचित आली असेल. घराची पुढची जमीन आणि मागची जमीन यांच्या जातीच भिन्न असत. पुढें अंगण अथवा खळें. तें चोपून व शेणानें सारवून इतकें घट्ट केलेलें कीं, त्यावर सांडलेला भाताचा दाणा न दाणा वेंचून घेतां यावा. मागें परसदार, तेथें विहीर, केळी, अळवाचें आळें, गोठा, उकिरडा आणि चुलींतून निघालेल्या राखेचा ढीग. पुढची जमीन माणसांची आणि धान्याची. मागची पाण्याची, भाजीची आणि जनावरांची. आज या दोन्ही गांवांच्या नव्या वस्त्यांतून हिंडावें, तों हा क्रम उलटलेला दिसतो. घरापुढें हातभर रुंदीची कां होईना, फुलबाग असते. मागें फरशी किंवा शेजाऱ्याची भिंत. आणि या फुलबागेबरोबर एक तक्रार जन्मास आली आहे: शेजारचें मांजर येतें, वाफा उकरतें आणि घाण करून जातें.

ही तक्रार ऐकून हंसूं येईल हें खरें. पण तिच्यापायीं वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो, आणि रागाच्या भरांत मांजरास विष घालण्यापर्यंत मजल जाते. तेव्हां तिचा इतिहास पाहणें अगदींच निरर्थक ठरूं नये. आमच्या मतें या इतिहासांत मांजराचा स्वभाव कोठेंहि बदललेला नाहीं. बदलली ती घरापुढील जमीन. आणि तक्रारीवरील उपायहि त्या जमिनींतच शोधला पाहिजे.

प्रथम मांजराविषयीं. संस्कृतांत त्यास मार्जार म्हणतात. हा शब्द ‘मृज्’ या धातूपासून आलेला आहे. मार्जन, संमार्जनी हे शब्दहि त्याच कुळांतले. म्हणजे सदोदित अंग चाटून स्वच्छ करणारा, तो मार्जार. ज्या प्राण्यास आपल्या पूर्वजांनीं स्वच्छतेवरून नांव दिलें, त्याच प्राण्यावर आज अस्वच्छतेचा आरोप आहे, ही मौज लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण आरोप आणि नांव या दोहोंचें मूळ एकाच संवयींत आहे. मांजर आधीं माती उकरतें, मग विधि उरकतें, आणि पुढें वास घेत घेत ती जागा झांकून टाकतें. पाळीव मांजराचा पूर्वज उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशांतला रानमांजर होय, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें ठरलें आहे. वाळवंटाच्या कडेस राहणाऱ्या त्या प्राण्यास सुटी, कोरडी, हलक्या पंजानें उकरतां येणारी माती हवी असे. ती आवड त्याच्या वंशजांनीं टाकलेली नाहीं. ओल्या चिखलांत किंवा टणक जमिनीवर मांजर सहसा हा विधि करीत नाहीं. नाइलाज झाला तरच करतें.

मांजर कोंकणांत केव्हां आलें हें तारखेनिशीं सांगणें शक्य नाहीं. सिंधमधील चन्हुदडो येथें मॅके यांनीं १९३५-३६ सालीं केलेल्या उत्खननांत एक वीट सांपडली. ती ओली असतांना तिच्यावरून मांजर आणि कुत्रें धांवत गेल्याचे ठसे तिच्यावर आहेत. माणसानें मेहनतीनें तयार केलेल्या मऊ मातीवर मांजरानें पाऊल उमटविल्याचा हा चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचा पुरावा. विटा पाडणाऱ्यानें त्या वेळीं काय उद्गार काढले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथें समुद्रास मिळते, तेथें चौल हें प्राचीन बंदर आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिकी या बंदरांत इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील पाळीव प्राण्यांचें दफनस्थान सांपडलें असून त्यांत बहुतेक मांजरेंच आहेत. तेथून सुटलेलीं गलबतें मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागत. गलबतावर धान्य, धान्यामागें उंदीर आणि उंदरामागें मांजर हा क्रम पाहतां, कोंकणांतल्या कांहीं मांजरांचे पूर्वज समुद्रमार्गानें आले असावेत, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. परंतु तें अनुमानच.

आतां अंगणाकडे वळूं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोंकणांतील अंगण धुपून जातें. त्यावर शेवाळ व गवत माजतें. म्हणून आश्विनांत पाऊस ओसरला कीं, दरवर्षीं खळें नव्यानें करीत. जमीन खणून, ढेंकळें फोडून, नवी माती घालून, पाणी शिंपून ती सारखी करावयाची. मग घरांतील माणसांनीं ओळीनें बसून लांकडी चोपण्यांनीं ती दिवसचे दिवस ठोकावयाची. आणि शेवटीं शेणाचा हात फिरवावयाचा. पुढें त्याच खळ्यांत भात झोडलें जाई, वाळवणें पडत, लग्नाचा मांडव उभा राही. हें सारें धान्यासाठीं व माणसांसाठीं केलें जाई. मांजराचा विचार कोणाच्या मनांत नसे. तथापि परिणाम असा होई कीं, मांजरास त्या अंगणांत ऊन खात पडण्यापलीकडे कांहीं करतां येत नसे. नखानें ओरखडा उठणार नाहीं अशी ती जमीन. शिवाय दर चार-आठ दिवसांनीं सारवण होत असल्यामुळें जुना वास टिकण्याचा प्रश्नच नव्हता.

अंगणांत सुटी माती होती ती एकाच ठिकाणीं, तुळशीपाशीं. आणि ती कमरेइतक्या उंच वृंदावनांत, वरून तुळशीच्या मुळांनीं व खोडांनीं भरलेली. वृंदावन उंच कां, याचें धार्मिक उत्तर सर्वांस ठाऊक आहे. परंतु कुत्रीं, कोंबडीं व मांजरें यांच्यापासून पूजेची माती दूर ठेवण्याची सोय त्या उंचीनें आपोआप साधली जात होती, हेंहि नाकारतां येणार नाहीं.

मागील दारीं मात्र मांजराचें राज्य होतें. चुलीची राख कोरडी, मऊ आणि वास शोषून घेणारी असते. मांजराच्या दृष्टीनें याहून उत्तम जागा नाहीं. भांडीं घासावयाची राख गृहिणी वेगळ्या डब्यांत झांकून ठेवीत, त्याचें कारणहि हेंच असलें पाहिजे. उकिरड्यावरची राख पुढें शेणखताबरोबर शेतांत जाई, आणि मांजरानें तिच्यांत काय पुरलें याची चौकशी कोणी करीत नसे. पावसाळ्यांत गोठ्याचा कोरडा कोपरा किंवा पेंढ्याची माडी मांजराच्या कामीं येई. तेथें क्वचित् घाण आढळली म्हणजे गृहिणीच्या तोंडून चार शब्द निघत, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटे.

आपल्या म्हणींची साक्ष काढली तरी हेंच दिसतें. मराठी म्हणींतील मांजर डोळे मिटून दूध पितें, शिंकें तुटण्याची वाट पाहतें, आडवें जाऊन काम बिघडवितें, आणि गळ्यांत घंटा बांधूं देत नाहीं. परंतु कोणाची बाग उकरीत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत एक म्हण आहे. तिचा आशय असा कीं, मांजराची विष्ठा लिंपण्याच्याहि उपयोगाची नाहीं आणि पोतण्याच्याहि नाहीं. येथेंहि गाऱ्हाणें घाणीचें नाहीं. गाईच्या शेणाशीं तुलना करून तिच्या निरुपयोगीपणाचें आहे. ज्या समाजांत सारी जमीन शेणानें लिंपिलेली, त्या समाजालाच ही तुलना सुचावी.

मांजर घरांत हवेंच, याविषयीं तर दुमत नव्हतें. पेण हें भाताचें, पोह्यांचें व मिठागरांचें गांव; अंतोरे बंदरांतून त्याचा माल बाहेर जाई. घरोघरीं भाताच्या कणग्या आणि प्रत्येक कणगीमागें उंदीर. सापळ्याहून स्वस्त आणि रात्रभर जागा राहणारा पहारेकरी म्हणजे मांजर. त्याचा पगार ताकभात आणि माशाचें डोकें. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, माणसें बोटींत बसून कोंकणच्या वाटेनें पळूं लागलीं, आणि उंदीर म्हणजे केवळ धान्याची नासाडी करणारा प्राणी, ही समजूत गेली. उंदरावरील पिसवेनें प्लेग पसरतो, असें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं प्रतिपादिलें. तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. याच काळांत वऱ्हाडांत अमरावतीस असलेले लष्करी वैद्यक खात्यांतील अधिकारी बुकॅनन यांनीं गांवोगांवचीं मांजरें मोजविलीं, आणि जेथें घरांच्या मानानें मांजरें पुष्कळ तेथें प्लेग थोडा, असा निष्कर्ष १९०८ सालीं इंग्लंडांतील प्रमुख वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. लोकांनीं मांजरें पाळावींत, असा त्यांचा उपदेश होता. हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाहीं. मांजरासहि प्लेग होतो, आणि त्यापासून माणसास होऊं शकतो, हें आज ज्ञात आहे. तरीहि उंदीर व रोग यांच्या हिशेबांत मांजराची जमेची बाजू मोठी होती, हें त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्यासहि दिसलें, एवढें त्यावरून निश्चित होतें. कोंकणांत आज पावसाळ्यांतील लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीति आहे; तोहि मुख्यतः उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून येतो. मांजर नाहींसें करूं इच्छिणाऱ्यानें हा हिशेब आधीं मांडावा.

धर्मशास्त्रानें मांजराच्या वधास प्रायश्चित्त सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रें, घुबड, कावळा यांच्या हत्येचा एकत्र उल्लेख येतो. लोकसमजुतीनें त्यावर कडी केली: मांजर मारलें तर सोन्याचें मांजर करून काशीस वाहावें लागतें. सामान्य कुळंब्यास सोन्याचें मांजर कोठून परवडणार? तेव्हां मांजर वांचलें. मुसलमान घरांतूनहि मांजराच्या उष्ट्या पाण्यास अपवित्र मानीत नाहींत. अशा रीतीनें दोन्ही समाजांत त्यास अभय होतें.

इंग्रजी कायद्यानें मात्र मांजराची एक निराळीच व्यवस्था लावली, म्हणजे कांहींच लावली नाहीं. १८७१ सालच्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानें गांवोगांवीं कोंडवाडे आले. त्या कायद्याच्या व्याख्येंत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवें, डुकरें, मेंढ्या व शेळ्या हीं सर्व आहेत. पेणेच्या एखाद्या फुलबागेंत हत्ती शिरता, तर त्यास कोंडवाड्यांत घालण्याचा हक्क मालकास होता. मांजर शिरलें तर नव्हता. खुद्द इंग्लंडांतहि अशीच स्थिति. तेथें १९२६ सालीं एका गृहस्थानें शेजाऱ्यावर फिर्याद केली कीं, त्याच्या मांजरानें आपलीं कबुतरें व कोंबडीं मारलीं. मांजर भटकावयाचेंच, तो त्याचा जातिस्वभाव. त्याबद्दल मालक जबाबदार नाहीं, असा निकाल वरिष्ठ न्यायालयानें दिला. आम्हांस हा निकाल शहाणपणाचा वाटतो. कारण गाय माणसाची असते. मांजर घराचें असतें, आणि कोणत्या घराचें, हें तें स्वतः ठरवितें. स्वतंत्र भारतांत १९६० सालीं प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध कायदा झाला, आणि विष घालणारा मात्र कायद्याच्या कचाट्यांत आला.

मग ही फुलबाग घरापुढें आली केव्हां? प्रथम ती साहेबांच्या बंगल्यांत दिसली. मुंबईस नोकरीनिमित्त राहून आलेल्यांनीं ती हौसेनें गांवीं आणली. तरीहि जोंवर घरांत भात येत होतें, तोंवर अंगण मोडून तेथें गुलाब लावणें कोणास परवडलें नाहीं. पुढें शेतें विकलीं गेलीं, वाडे पडून त्यांच्या जागीं प्लॉट झाले. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें रायगड झालें. त्याच दशकांत रेल्वे रोह्यापर्यंत आली, आणि १९९८ सालीं तेथून पुढें कोंकण रेल्वे पूर्ण झाली. रोह्यास धाटावची औद्योगिक वसाहत, पेणेस मुंबईची ओढ. नव्या बंगलीस खळें नको. तिला दारापुढें शेवंती, मोगरा, जास्वंद हवीं. गॅस आला आणि राख गेली. गुरें गेलीं आणि गोठा गेला. परसदार फरशीखालीं गेलें. ज्या आश्विनांत आजोबा चोपण्यानें जमीन ठोकीत, त्याच आश्विनांत नातू ती कुदळीनें भुसभुशीत करून तींत वाळू व शेणखत मिसळतो. साऱ्या आळींत मांजराच्या पसंतीची तेवढीच जागा उरलेली असते; आणि तेथें तें आलें म्हणजे आपण त्यास निर्लज्ज म्हणतों!

तक्रार खोटी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, आजच्या ज्ञानानें ती अधिक गंभीर झाली आहे. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म जीव १९०८ सालींच ट्युनिस येथें ओळखला गेला होता. परंतु तो मांजराच्या विष्ठेंतून बाहेर पडतो, हें १९७० च्या सुमारास सिद्ध झालें. गर्भवती स्त्रीस त्याचा प्रथमच संसर्ग झाल्यास गर्भास अपाय होऊं शकतो. विष्ठा पडल्यापासून ती संसर्गकारक होण्यास एक ते पांच दिवस लागतात. पुढें तो जीव ओलसर मातींत महिनेच्या महिने टिकतो. म्हणून घाण त्याच दिवशीं फावड्यानें उचलावी, वाफ्यांत हातमोजे घालून काम करावें, भाजी नीट धुवावी, आणि हें काम गर्भवतीकडे देऊं नये. जें मांजर घरोघर हिंडून उंदीर खातें, त्याच्याविषयीं ही काळजी विशेष घेतली पाहिजे. लहान मुलें जेथें मातींत खेळतात, त्या घरच्या आईचा संताप आम्हांस पूर्णपणें समजतो.

उपायांच्या नांवाखालीं जें चालतें, त्यांतील पुष्कळसें वायां जाणारें आहे. आपल्याकडे कुत्र्यांसाठीं दारापुढें लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात. जपानांत मांजरांसाठीं भिंतीच्या कडेनें स्वच्छ पाण्याच्या बाटल्या मांडतात. समुद्राच्या दोन टोकांस एकच श्रद्धा उगवावी, हें नवल. पण मांजर दोन्हीकडे बाटलीस अंग घांसून पुढें जातें. फिनेल ओतणें तर केवळ व्यर्थ नव्हे, तर दुष्टपणाचें आहे. त्या जातीचीं द्रव्यें मांजराच्या यकृतास पचवितां येत नाहींत, आणि पंजा चाटतांच तीं पोटांत जातात. डांबराच्या गोळ्यांचीहि तीच गत. त्या रांगत्या मुलाच्याहि तोंडांत जाऊं शकतात. शेर, निवडुंग, अडुळसा यांचीं कुंपणें गुरांसाठीं होतीं. त्यांतून मांजर सहज निघतें.

ज्यानें गुण येतो तें सारें जुन्या अंगणाच्या तत्त्वावर आहे: पुढची माती पंजास लागूं द्यावयाची नाहीं, आणि मागें एक मऊ जागा सोडावयाची. नवा वाफा केला कीं त्यावर बोरीच्या वा करवंदीच्या कांटेरी डाहाळ्या पसराव्यात. रोपें मोठीं होऊन जमीन झांकीपर्यंत त्या राहूं द्याव्यात. नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून रोपांमधील जागा भरली, तरी काम भागतें, आणि ओल टिकते हा वरचा लाभ. कायमची तजवीज हवी असल्यास कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात ती जाळी जमिनीवर अंथरून तिच्यावर दोन बोटें माती टाकावी. रोपें तींतून वर येतात, पंजा खालीं जात नाहीं. वाफा सकाळ-संध्याकाळ ओला ठेवावा. आधीं घाण झालेली माती वीतभर खणून बाहेर टाकावी, कारण मांजरास परत आणणारा जुना वास तिच्यांतच असतो. भातगिरणीचें तूस वाफ्यावर पसरण्याची कित्येकांस हौस असते; त्यांनीं तें कोरडें पसरूं नये, कारण राखेच्या खालोखाल मांजरास तेंच प्रिय आहे. आणखी एक लहानसें गवतवजा रोप आहे, त्यास खोकली म्हणतात. पावसाळ्यांत तें बागेच्या कडेस आपोआप उगवतें. त्याच्या मुळांचा वास मांजरास वेड लावतो, आणि तें उपटलें कीं आसपासचीं सर्व मांजरें तेथें लोळावयास येतात. म्हणून तें कोवळें असतांनाच, मुळासकट काढून दूर टाकावें.

राहिली मागची मऊ जागा. ती कोणी द्यावयाची? आमच्या मतें जो मांजरास जेवूं घालतो, त्यानें. आपल्या ओट्यावर भाकरीचा तुकडा टाकून भूतदयेचें पुण्य घ्यावयाचें, आणि त्या भाकरीचा शेवट शेजाऱ्याच्या मोगऱ्याखालीं व्हावयाचा, हा व्यवहार न्यायाचा नाहीं. घराच्या मागें, पागोळ्यांचें पाणी पोंचणार नाहीं अशा आडोशास, दोन हात लांब, हातभर रुंद आणि वीतभर खोल असा वाळूचा वाफा करावा. मिळेल तेथें चुलीची राख त्यांत मिसळावी. रोज एकदां तो साफ करावा आणि महिन्यांतून वाळू बदलावी. प्रथम त्यांत मांजराची थोडी घाण मुद्दाम टाकली, म्हणजे जागा त्याच्या लक्षांत येते. बोका खच्ची केला तर भिंतींवर मूत्र उडविण्याची त्याची खोड पुष्कळ कमी होते, आणि मांजरीची शस्त्रक्रिया केल्यास दरवर्षींच्या पिलांचा प्रश्न मिटतो. जनावरांच्या डॉक्टरांकडून हें काम करून घेतां येतें. आषाढ-श्रावणांत मात्र अधिक लक्ष ठेवावें लागतें. त्या दोन महिन्यांत सगळी बाग चिखल असते, आणि कोरडी माती राहते ती घराच्या पायाशीं, पागोळ्यांच्या आंतल्या चिंचोळ्या पट्टींत, दिवाणखान्याच्या खिडकीखालीं. ती पट्टी पाऊस लागण्यापूर्वींच, मृगाच्या आधीं, खडीनें भरून ठोकून घ्यावी.